फोरमनशी समोरासमोर

आमच्या सासऱ्यांना मोरिवलीच्या कारखान्यात सगळे फोरमन म्हणत. निवृत्तीनंतर हाताखाली कामगार उरले नाहीत, मी उरले. भाजीतलं मीठ, दारातल्या चपला, माझं हसणं, सगळ्यात त्यांना खोट दिसे. सासरचे बौद्ध, मी कुळगावच्या आगरी घरातली. लग्नात माझ्या काकांनी त्यांच्या घरचं पाणी नाकारलं होतं. त्याचा राग ते बारा वर्षं माझ्यावर काढत होते. मीही कमी नव्हते.

माझ्याशी ते सरळ बोलतच नसत. "तिला सांग," असं नवऱ्याला म्हणत. मग त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला, तो फुफ्फुसात आणि कमरेच्या हाडात पसरला. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून रेडिएशनला मीच नेऊ लागले. रिक्षात आम्ही दोघंच. तरी ते रिक्षावाल्याला म्हणाले, "बाईंना सांगा, पाण्याची बाटली द्या."

किरण फक्त कमरेला द्यायचे होते, दुखणं कमी व्हावं म्हणून. पाच दिवसांत ते झालं, दुखणंही उतरलं. पण तीन महिन्यांनी स्कॅन काढला तर फुफ्फुसातल्या गाठीसुद्धा लहान झालेल्या. रिपोर्ट दुसऱ्याचा आहे म्हणून ते काउंटरवरच्या मुलीशी भांडले. मग डॉक्टरांनी समजावलं. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, त्यांच्या तुकड्यांवरून शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू ओळखायला शिकते आणि क्वचित किरण न लागलेल्या गाठींवरही तुटून पडते. फार थोड्यांत असं होतं आणि ते किती टिकेल सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.

परतताना फोरमन पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "म्हणजे माझं अंगच आतून भांडत होतं."

"त्यात नवल काय," मी म्हटलं.

ते बाहेर बघू लागले. खांदे मात्र हलत होते.

त्यानंतर दीड वर्ष मिळालं. त्यात आम्ही रोज तोंडावर भांडलो. एकदा त्यांनी विचारलं, "काका पाणी नाकारत होते, तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले.

"बारा वर्षं लागली," ते म्हणाले. माफ केलं, असं काही म्हणाले नाहीत.

गाठी पुन्हा वाढल्या तेव्हा डॉक्टरांना त्यांच्या मुलाशी एकट्याशी बोलायचं होतं. फोरमननी अडवलं. "त्याला नको. हिला सांगा."

डॉक्टरांनी मला आत नेऊन थोडेच दिवस उरल्याचं सांगितलं. मी बाहेर येऊन तसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली फाइल मिटली.

"पोराला उद्या सांग," ते म्हणाले. "आज त्याला नीट जेवू दे."