लागोपाठ दोन मिस कॉल

त्या रात्री माझ्या फोनला रेंज होती. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं की रेंज नव्हती, स्टँडवर तेच सांगितलं, आणि दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ उभं राहून त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, तुमचा काय दोष भाऊजी. मी नुसती मान हलवली.

वाशीम स्टेशनच्या बाहेर, चहाच्या टपरीला लागून आमच्या गाड्या उभ्या राहतात. पंचवीस वर्षं झाली, मी तिथंच आहे. आधी जीप होती, आता पांढरी कार आहे. रात्रीच्या रेल्वेनं मंगरूळपीरचे, अनसिंगचे, पार इंझोरीकडचे लोक उतरतात, तेव्हा एसटी संपलेली असते. त्यांना आम्ही घरी पोचवतो. ज्याचा नंबर त्याचं भाडं. नंबर टपरीच्या भिंतीवर खडूनं लिहायचा.

या नंबरासोबत एक रिवाज होता. आम्ही त्याला राखण म्हणायचो. पहिला भाडं घेऊन निघाला की जो पुढच्या नंबरावर असेल त्यानं उठून त्याच्या गाडीजवळ जायचं, फडक्यानं समोरची काच पुसायची आणि पुसता पुसता आतल्या सवाऱ्यांची तोंडं पाहून घ्यायची. मग मोठ्यानं विचारायचं, कुठी चालले? आणि मोठ्यानंच म्हणायचं, जा, मी जागा आहो. हे ड्रायव्हरसाठी नसायचं, मागं बसलेल्यांसाठी असायचं. आपल्याला कोणीतरी पाहिलं आहे, एवढं त्यांना कळलं पाहिजे. मग वाटेतला ठरलेला फाटा पार झाला की ड्रायव्हरनं एक मिस कॉल द्यायचा. लागोपाठ दोन आले तर राखण करणाऱ्यानं दिसेल त्याला उठवून गाडी काढायची आणि त्या रस्त्याला सुटायचं. मिस कॉल येईपर्यंत त्यानं झोपायचं नाही, दुसरं भाडंही घ्यायचं नाही. मीच एकदा या राखणीमुळं वाचलो आहे. दोन पिलेल्या सवाऱ्यांनी माझाच गमछा माझ्या गळ्यात आवळला होता आणि मागून आमच्या स्टँडची जीप आली. नाहीतर हे लिहायला मी राहिलो नसतो.

मग अ‍ॅप आलं. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कंपनीचं. कंपनीचं ऑफिस आम्ही कधी पाहिलं नाही. भाडं नाकारलं की तारे कमी, तारे कमी झाले की दोन दोन दिवस फोन वाजत नाही. म्हणजे रात्री एक वाजता तीन धट्टेकट्टे माणसं गाडीत बसू पाहतात, तुमचं मन नाही म्हणतं, तरी तुम्ही दार उघडता. ड्रायव्हरचा फोटो, आधार, घरचा पत्ता सगळं कंपनीजवळ. बुक करणाऱ्यानं नाव खरं टाकलं की खोटं, हे विचारायला कोणी नाही. सवारीच्या मोबाईलवर ड्रायव्हरचं तोंड दिसतं, ड्रायव्हरच्या मोबाईलवर सवारीचं नुसतं नाव. आणि गाडीत पाठ कोणाची कोणाकडं असते, सांगा मला. हे नियम करणाऱ्यानं एक रात्र मंगरूळपीरच्या रस्त्यानं तीन अनोळखी माणसं मागं बसवून गाडी चालवावी, मग बोलावं.

दवाखान्यात ज्याच्या खाटेजवळ मी उभा होतो, तो आमच्यात अ‍ॅप घेणारा पहिला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. घरचा गावालगत भाजीचा मळा, पण त्याला गाडीचं वेड. गाडी अशी चालवायचा की मागची म्हातारी सवारी झोपून जायची. मला भाऊ म्हणायचा.

त्या रात्री रेल्वे उशिरा आली. भिंतीवर पहिला नंबर माझा होता, त्याचा चौथा. तिघं उतरले, मी पुढं होऊन त्यांच्या बॅगेला हात घातला. त्यातल्या एकानं अंधारात मोबाईल माझ्या डोळ्यांसमोर धरला. गाडी बुक आहे म्हणाला. बुक होती ती त्याची, आमच्या अ‍ॅपवाल्याची. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, की बाबा, तीन जणांच्या डोक्यावरून जाऊन राह्यला तू, लाज वाटते का?

तो हसून म्हणाला, ''भाऊ, आता नंबर मोबाईल लावते. ते भिंतीवरचं पुसून टाका आता.''

चार जण हसले. टपरीवालाही हसला. बाकी काही झालं नाही, एवढंच झालं. एवढ्यासाठी मी जे केलं ते केलं, हे लिहिताना माझा मलाच संताप येतो.

तो निघाला तेव्हा रिवाजाप्रमाणं राखण माझी होती. मी उठलो नाही. काच पुसली नाही, तोंडं पाहिली नाहीत. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, ''भाऊ, जागे आहा ना?'' मी दुसरीकडं पाहिलं. तो समजला असेल की रुसलो तरी जागा राहीन. बरोबर समजला. मी जागाच होतो.

अर्ध्या-पाऊण तासानं फोन वाजला आणि बंद झाला. त्याचा नंबर. वाटलं, फाटा पार झाला. लगेच पुन्हा वाजला आणि बंद झाला.

मी स्क्रीनकडं पाहत बसलो. मनात काय आलं तेही सांगतो, कारण तेच लपवत आलो. मनात आलं, आता मोबाईललेच बोलव. तोच नंबर लावते ना, तोच येईन धावून. मी फोन पालथा करून सीटवर ठेवला. बाजूच्या गाडीत दोघं झोपले होते, त्यांना हाक मारायला काच खाली करायची होती फक्त. अर्ध्या तासानं मी त्याला फोन केला, तो बंद लागला. तरी मी कोणाला उठवलं नाही. उठवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, कॉल कधी आला होता?

सकाळी एका शेतकऱ्याला तो फाट्याच्या पुढं सोयाबीनच्या धुऱ्यावर, बांधाला पडलेला सापडला. गाडी गेली होती. त्याच्याच गाडीतली टॉमी, चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी, तिनं त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ठेचला होता. स्टेअरिंग सोडत नव्हता म्हणून.

कंपनीनं कळवलं की ट्रिप फाट्यावरच बंद झाली होती, पुढचं त्यांच्याकडं येत नाही. तिघांनी त्याला म्हटलं होतं, ट्रिप इथंच बंद कर, पुढं आत गावात सोड, तेवढे वेगळे देतो. असं सगळेच करतात, कंपनीलाही माहीत आहे. ठाण्यात एका पोलिसानं त्याला विचारलं, ''रात्री अशा रस्त्यानं कायले गेला होता तू?'' अरे, तू ड्युटीवर कायले आला? पोट सगळ्यांना आहे. मी तिथंच उभा होतो, हे म्हणालो नाही. मी तेव्हा रेंज नव्हती हे सांगण्यात गुंतलो होतो.

कंपनीवर राग आहे, त्या तिघांवर आहे. ते अजून सापडले नाहीत, आणि त्यांची तोंडं नीट पाहिलेला दुसरा माणूस नाही, कारण तो दुसरा माणूस मी असायला हवा होतो. पण बाकी कोणाला शिव्या देऊन झालं तरी माझ्यावरचा राग तसाच उरतो. अर्ध्या तासाचा रस्ता होता. तो म्हणतो की त्यांनी त्याला खाली ओढलं त्याच्या आधी बराच वेळ वादावादी चालली होती. तो वेळ काढत होता. मी येईन म्हणून.

आणि इथंच थांबलं असतं तरी एक वेळ. माझं खोटं स्टँडवर पसरलं. भाऊसारख्या जुन्या माणसाच्या फोनला ऐनवेळी रेंज नसन तर राखण करून फायदा काय, असं पोरं म्हणायला लागली. जो तो जागरणाला कंटाळलेलाच होता. महिन्याभरात राखण बंद पडली. आता कोणी कोणाची काच पुसत नाही. अ‍ॅपवर लोकेशन दिसते ना, म्हणतात. मागच्या हिवाळ्यात आमच्यातला एक जण कपाळाला सहा टाके घेऊन परत आला. तो निघाला तेव्हा आम्ही पाच गाड्या उभ्या होतो. एकानंही मागं वळून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा.

तो आता बायकोसोबत आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतो. डाव्या हातानं मेथीच्या जुड्या उचलतो, उजवा मांडीवर असतो. मी चुकवून जाऊ लागलो तर लांबून हाक मारतो. एकदा बाजूच्या बाईनं त्याला विचारलं, की दोन कॉल करूनही कोणीच कसं आलं नाही.

तो म्हणाला, ''भाऊच्या फोनले रेंज नव्हती मावशी. नाहीतर भाऊ आले नसते, असं होतच नाही.''

माझ्या पिशवीत त्यानं कोथिंबीर टाकली, न मागता. मी घरी येऊन ती बायकोकडं दिली आणि दोन दिवस जेवलो नाही. तिनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पित्त.

त्याला दोनदा सांगायला गेलो. एकदा त्याची बायको समोर होती, एकदा गिऱ्हाईक होतं. खरं म्हणजे दोन्ही वेळा मी भ्यालो. त्याला राग येईल याची भीती नाही, येऊ दे, मारलं तरी चालेल. तो म्हणेल, जाऊ द्या भाऊ, याची भीती आहे.

हे लिहिलं म्हणून काही फिटलं नाही. मी अजून दोन गोष्टींचा देणेकरी आहे. त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे की दोन्ही कॉल मी पाहिले होते. आणि स्टँडवर सगळ्यांना सांगायचं आहे की रेंज होती, राखण खोटी नव्हती, मी खोटा होतो.