मामंजींची जीप आणि माझा पायगुण

लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आले, तेव्हा मैलापूरच्या आमच्या घरात तीनच माणसं होती. माझे सासरे, म्हणजे मामंजी. त्यांच्या विधवा थोरल्या बहीण, आत्याबाई; मामंजी त्यांना अक्का म्हणत. आणि माझा नवरा, जो रेल्वेच्या नोकरीमुळे वर्षातले बरेच महिने बाहेरगावी असायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घराणं तंजावरचं. बोलायचे मराठीच, पण ती मराठी ऐकून मी पहिले काही महिने नुसती मान डोलवायचे. काही पाहिजे असलं की ते 'होणं' म्हणत. पहिल्याच सकाळी आत्याबाईंनी विचारलं, "तुज कॉफी होणं का?" आणि मी काय व्हायचंय ते न कळून उभीच राहिले.

घरात चौथं माणूस म्हणावं अशी एक जीप होती. जुनी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी. मामंजी टेलिफोन खात्यात लाइनी बिघडल्या की शोधून काढायचं काम करत. आयुष्यभर खात्याच्या जीपमधून हिंडले आणि निवृत्त झाल्यावर तसलीच एक लिलावात घेतली. बहिणीला कांचीपासून सगळी देवळं दाखवायची त्यांची हौस होती. आत्याबाई मागच्या लांब बाकावर पितळी तांब्या घेऊन ऐसपैस बसत. पुढची मामंजींच्या शेजारची जागा मोकळीच असायची. मी आल्यावर ती माझी झाली.

आणि मी बसायला लागल्यावर जीप बिघडायला लागली.

बिघाड विचित्र होता. चालत्या गाडीत एकाएकी हॉर्न बंद पडायचा, समोरच्या मीटरांचे काटे खाली यायचे, वायपर काचेच्या मधेच थांबायचे. इंजिन मात्र धडधडत राहायचं, कारण डिझेलच्या त्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज नसे. मामंजी गाडी कडेला घेत, खाली उतरून बॉनेट उघडत, मीही उतरत असे, आणि तोवर सगळं आपोआप ठीक झालेलं असायचं. हॉर्न वाजायचा, काटे वर असायचे. मामंजी बॉनेट मिटून शांतपणे "सरी", म्हणजे ठीक, म्हणत आणि आम्ही पुढे निघत असू.

समुद्राच्या खाऱ्या हवेनं गंज धरला असेल म्हणून त्यांनी बॅटरीच्या पट्ट्या घासल्या, इंजिनापासून चॅसीला जाणारी जाड पट्टी उघडून चकचकीत केली, फ्यूज बदलले. गाडी पुदुपेट्टैच्या मेकॅनिककडे दोनदा नेली. तिथे ती शहाण्यासारखी वागली. किल्लीचा स्विच नवा बसवला, तरी पुढच्या खेपेला मी शेजारी असताना अड्यारच्या पुलावर काटे पडलेच.

एका दुपारी मी मोरीजवळ कपडे पिळत होते. आत आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "पोर चांगली. पण तिचा पायगुण बघ की. ती आली नि गाडी खोळंबाया लागली."

त्या ते वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. भाजी महाग झाली म्हणावं तसं बोलल्या. पण मला फार लागलं. सांगायला नवरा घरी नव्हता, आई दूर साताऱ्याला. मी जीपमध्ये बसणं सोडलं. कधी डोकं दुखायचं, कधी उपास असायचा, कधी कुणी येणार असायचं. मामंजी आत्याबाईंना घेऊन जात आणि येत. महिना गेला. जीप एकदाही बिघडली नाही.

मग एका सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते सहसा तिथे येत नसत.

"मुली, आज तू गाडीत होणं," ते म्हणाले. "तू नसतीस तेव्हा दोष येत नाही. तू असतीस तेव्हाच येतो. मी सगळं लिहून नाही, पण ध्यानात ठेवलं आहे."

यांनाही तसंच वाटतं, असं मनात येऊन मला रडूच फुटलं. मामंजी गोंधळले. थोड्या वेळानं त्यांना उलगडा झाला असावा; आत्याबाईंचं पायगुणाचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलेलं असणार. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, मग पाट ओढून ते माझ्यापासून जरा अंतरावर बसले.

"ऐक. आमच्या खात्यात अशा तक्रारी यायच्या. टेलिफोन एकाच माणसाच्या वेळी खरखरतो, आम्ही गेलो की ठीक. पोरं म्हणत, तो माणूसच खोटं बोलतो. मी त्याच्या घरी जाऊन बसायचा. त्याला म्हणायचा, तू रोजच्यासारखा बोल, मी बघतो. एकदा एक म्हातारा बोलताना खुर्ची मागे झुकवायचा नि खुर्चीचा पाय वायरीवर पडायचा." ते थांबले. "तुझा अपराध शोधायचा नाही मज. दोष दिसायला तुझी मदत होणं. एकट्यानं होत नाही हें."

एवढं सलग ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते. मी डोळे पुसून चपला घातल्या.

त्यांनी तयारी करून ठेवली होती. डॅशबोर्डवर दोन छोटे बल्ब चिकटवले होते. एकावर लाल जिलेटिनचा कागद. "लाल दिवा बॅटरीकडचा. पांढरा किल्लीकडचा. मधे एकच जाड वायर आहे. दोन्ही जळत आहेत तोवर वायर ठीक. कोणता जातो तें तू सांग. मी रस्ता बघीन, तू दिवे बघ. आणि रोजच्यासारखी बस."

आम्ही मैलापूरच्या देवळाच्या तळ्याला वळसा घालून निघालो. मी दिव्यांवरून नजर हलवत नव्हते. दोन्ही जळत होते. लझच्या चौकात एक बस अचानक आमच्यासमोर आडवी आली. मामंजींनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी पांढरा दिवा विझला.

"गेला! पांढरा गेला! लाल आहे!"

"हलू नको!" मामंजी ओरडले. गाडी तिथेच थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात, पाय, काही हलवू नको. जशी आहेस तशीच राहा."

मागे रिक्षावाले तमिळमध्ये आमचा उद्धार करत होते. मी दगडासारखी बसले. मामंजी वाकले आणि त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझा डावा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च रोवलेला होता. त्यांच्या भरधाव गाडी चालवण्याची मला भीती वाटायची आणि प्रत्येक वेळी मी नकळत माझ्या बाजूनंही ब्रेक दाबत असे. तिथेच, टाचेखाली, इंजिनाकडून आत येणारी वायर चेपली गेली होती.

"आता काढ पाय. हळू."

मी पाय काढला. पांढरा दिवा लागला.

"परत ठेव."

विझला.

मामंजी आधी गालात हसले, मग मोठ्यानं, मग चष्मा काढून डोळे पुसण्याइतकं हसले. "अय्यो, मुली! अक्का खरंच बोलली होती. तुझ्याच पायाचा गुण!"

आणि मीही हसायला लागले. मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती, आमचाही हॉर्न मामंजींनी वाजवून पाहिला, आणि तो वाजला.

घरी येऊन त्यांनी वायर काढली. वरून धड दिसत होती. आवरण चिरलं तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या, दोन-तीन तारा कशाबशा एकमेकींना टेकून होत्या. नवी वायर घालताना ती पत्र्याच्या भोकात पुन्हा कापू नये म्हणून रबराची कडी बसवली आणि क्लिप लावून वायर पायाच्या वाटेतून काढून वर नेली. उजेडासाठी टॉर्च धरायला मी होते. आत्याबाई पडवीत बसून सगळं बघत होत्या. मामंजींनी त्यांना प्रकार सांगितला. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या, जे त्या कधी करत नसत. "भ्यालीस तर बोलावं नव्हं का," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

जेवताना मामंजी म्हणाले, "वायरीचा दोष गेला. तुझी भीती राहिली. तिला एकच औषध. चाक तुझ्या हाती होणं."

पहाटे मरीनाच्या रस्त्यावर, कोळ्यांच्या होड्या वाळूवर येत असताना, त्यांनी मला गाडी शिकवली. क्लच माझ्या पायाला जड जायचा. ते कधी ओरडले नाहीत. चुकले की "सरी, परत" म्हणायचे. लायसन्स मिळालं ते आम्ही नवऱ्याला पत्रानंही कळवलं नाही.

तो सुटीवर यायच्या दिवशी मी एकटीच सेंट्रल स्टेशनला गेले. ट्रंक डोक्यावर घेतलेल्या हमालामागून तो बाहेर आला, जीप ओळखून हसला आणि खिडकीतून आत डोकावला.

"अप्पा कुठायत?"

"घरी. आंघोळीला गेलेत. अहो, बसा ना, मागे गाड्या थांबल्यात."

तो बसला. माउंट रोड लागल्यावर त्यानं बाहेर बघत बघत विचारलं, "अप्पांनी शिकवलं? आम्हा भावंडांना त्यांनी किल्लीला हातसुद्धा लावू दिला नव्हता."

मी गियर बदलला. तो नीट पडला.