आधी वाईट बोलायचं

नैना टिपणीसला रोज सकाळी वाईट बोलण्याचा पगार मिळतो, असं तिच्या सासूबाई म्हणतात. अवजड यंत्रं जहाजावर चढवणाऱ्या नागोया बंदरातल्या एका कंपनीत ती काम करते. काम सुरू होण्याआधी तिथे सगळे गोल उभे राहतात आणि आज काय बिघडू शकेल ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं असतं. गप्प राहिलेलं चालत नाही.

"सकाळी सकाळी अपघाताच्या गप्पा," मुक्कामाला आलेल्या सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणतात. "शुभ बोलावं गं माणसानं."

"आई, तिथं शुभ बोललं तर ओरडतात."

नवऱ्याच्या, अंबरीषच्या नोकरीमागे ती इथे आली तेव्हा तिला जपानीचं अक्षर येत नव्हतं. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरता भरता ती भाषा शिकली. जड खाली, अंडी वर, हेही तिथेच.

गेल्या जूनमध्ये चाकणच्या एका कारखान्याचा प्रेस निघायचा होता. पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे करणारं साठ टनांचं यंत्र. ते घेऊन जायला कारखान्याचा रणजित आला होता. हे जहाज चुकलं तर पुढचं तीन आठवड्यांनी, आणि तोवर चाकणची नवी लाइन बंद. त्याने सकाळीच यंत्राला कुंकू लावून नारळ फोडला, तोही प्लास्टिकच्या पिशवीत. धक्क्यावर करवंटीचे तुकडे पडलेले मुकादम ओगावा-सानना खपले नसते.

मग सगळे गोलात उभे राहिले. कोणी म्हणालं, पाय घसरेल. कोणी म्हणालं, दोर हाताला काचेल. नैनाची पाळी आली. आदल्या दिवशी चहा पिताना रणजित सहज बोलून गेला होता की तिकडचा वेळ वाचावा म्हणून मोटर इथेच बसवून घेतली. बंदराला आलेल्या नकाशात मोटर नव्हती. पण नारळ नुकताच फुटलेला, कुंकू अजून ओलं.

"वजन एका बाजूला गेलं असेल," ती शेवटी जपानीत म्हणाली. "तोल ढळेल."

मराठीत सांगितल्यावर रणजित हबकला. "अहो मॅडम, आत्ता नारळ फोडला आणि तुम्ही लगेच अपशकुन?"

"नारळ देवाला पोचला. मोटरचं वजन क्रेनवाल्याला पोचलं नाही."

"एवढीशी तर मोटर."

"एवढीशी म्हणजे?"

"चार टन," तो पुटपुटला.

ओगावा-साननी प्रेस वीतभर उचलायला लावला आणि तिथेच थांबवला. यंत्र सावकाश मोटरच्या बाजूला कललं. त्यांनी हात खाली केला, प्रेस पुन्हा टेकला.

दोर बदलून तो चढवता आला असता. पण भर समुद्रात जहाज डोलताना त्याला धरून ठेवणाऱ्या साखळ्यांचा हिशेबही जुन्याच नकाशावरून केलेला होता. तो पुन्हा करावा लागेल, असं नैनाने सांगितलं. कप्तान थांबेना. दुपारी जहाज गेलं, प्रेस धक्क्यावरच राहिला.

रणजितने चाकणला फोन लावला. "सर, पोर्टवाल्यांनी..." एवढं म्हणून तो थांबला. "नाही सर. मोटरचं मी कळवलं नव्हतं."

पलीकडचं ओरडणं नैनाला ऐकू येत होतं. ती बाजूला गेली नाही. एकट्यानं बोलणी खाणं वाईट.

फोन ठेवून तो म्हणाला, "तीन आठवडे आहेत. अजून काय काय वाईट होऊ शकतं ते सगळं सांगून टाका."

"मग बसा," नैना म्हणाली, आणि खाऱ्या हवेनं चढणाऱ्या गंजापासून तिने सुरुवात केली.