मोकळा दिवस

कौसल्याकाकींकडं साखर मागायला गेलं तर त्या नाही म्हणत नाहीत, पण परत कधी देणार ते वाटी हातात ठेवायच्या आधी वदवून घेतात. पणदरे गावात माझी पिठाची गिरणी आणि त्यांचा गाळा रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. त्यामुळं त्यांचा हा स्वभाव मला सकाळच्या चहाबरोबरच मिळतो. यजमान मानसिंगराव गेले तेव्हा काकींपाशी हा पत्र्याचा गाळा आणि पाठीमागच्या दोन खोल्या एवढंच राहिलं. त्या भाड्यावर बाईंनी आजवर कुणापुढं हात पसरला नाही. गाळा गेला तर पुतण्याच्या दारात ताट घेऊन बसावं लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि गाळा जाईल ही भीती त्यांना गाळा नव्हता तेव्हापासूनची. त्यांच्या वडिलांची जमीन दुसरा माणूस कसत होता. कायदा आला, त्या माणसाचं कूळ लागलं आणि जमीन त्याच्या नावावर झाली. ज्यानं घाम गाळला त्याला ती मिळाली, त्यावर मी काही बोलणार नाही. पण आपल्या बापाला त्याच्याच बांधावर हटकलेलं त्या पोरीनं पाहिलं होतं. तेव्हापासून 'कूळ' म्हटलं की काकींचा चेहरा उतरतो. लग्नात भटजी कुळाचार म्हणाला तरी दचकत असतील.

म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक नियम काढला. करार अकरा महिन्यांचा, आणि तो संपला की एक दिवस गाळा मोकळा. भाडेकरूनं सामानासकट बाहेर यायचं, शटरला काकींचं कुलूप लागायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. बाकीचे भाडेकरू या कटकटीला वैतागून गेले. टिकला तो एकटा सोपान.

सोपान अंथुर्ण्याचा, रोज मोटारसायकलवर येतो. गाळ्यात त्याचं अंडी उबवायचं मशीन आहे, कपाटाएवढं. आसपासच्या बायका आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी त्याच्याकडं देतात, एमआयडीसीत शिफ्टला जाणारी पोरं जाता जाता आईनं दिलेला अंड्यांचा डबा ठेवून जातात. सोपान पिल्लं काढून देतो आणि उबवणुकीचे पैसे घेतो. मोकळ्या दिवशी मशीन रिकामं राहील असा हिशेब तो दरवर्षी जमवायचा. मशीन मात्र जागेवरच राहायचं. त्याला काकींची हरकत नसे. "लोखंडाला कूळ लागत न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

यंदा ते गणित फिसकटलं. चैत्रात अंडी फार आली, मशीन भरलं, आणि मोकळा दिवस नेमका पिल्लं निघायच्या दिवशी आला. सोपाननं हात जोडून विनवलं, "काकी, यंदा आठवडाभर पुढं ढकला. आत्ता अंडी भायेर काढली तर पिल्लं मरत्यात." काकी म्हणाल्या, विचार करते. आणि विचार म्हणून त्यांनी पुतण्याला, युवराजला, फोन लावला.

युवराजचं बारामतीत कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. दुसऱ्यांचे कागद छापून छापून तो निम्मा वकील झालाय. "काकी, हे बारावं वर्ष," तो म्हणाला. "बारा वर्षं ताबा ऱ्हायला की जागा त्याची. म्हणून तर त्यो मोकळा दिवस चुकवायला बघतोय." खऱ्या वकिलानं सांगितलं असतं, की भाडं देणारा माणूस नुसती वर्षं भरली म्हणून मालक होत नाही. पण खरा वकील फी घेतो, युवराज फुकट बोलतो. काकींच्या तोंडचं पाणी पळालं.

मोकळ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सोपान शटरच्या डाव्या बाजूला कुलूप लावून अंथुर्ण्याला गेला. तो वळणापलीकडं गेल्यावर काकींनी उजव्या बाजूला आपलं कुलूप लावलं. मी गिरणीतून बघत होते. रस्ता ओलांडून गेले.

"काकी, आत अंडी हायती. माजीबी हायती."

"माज्या गाळ्यात हायती," त्या म्हणाल्या आणि किल्ली कनवटीला खोचली. मला अस्सा राग आला.

सकाळी सोपान आला, त्यानं दुसरं कुलूप पाहिलं आणि मोटारसायकलवरून उतरायचंच विसरला. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. तिच्याखाली आणखी एक बारीक आवाज होता. चिवचिव. पिल्लं निघायला लागली होती.

काकी गाळ्याच्या पायरीवर बसलेल्या. फोन कानाला, पण युवराजचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "अजिबात उघडायचं न्हाय. उघडलं म्हंजी ताबा कबूल केला. त्यापेक्षा लाईट बंद करा, गुमान सामान उचलंल."

गाळ्याचा मीटर काकींच्या ओसरीत. त्या उठल्या. मी गिरणी बंद केली, का ते सांगता येणार नाही. सोपान रस्त्यात उभा होता, जागचा हलला नाही. काकींनी मेन स्विचवर हात ठेवला. चिवचिव आता चांगली मोठ्यानं येत होती. हात तसाच राहिला, मग त्यांनी तो पदराला पुसला आणि परत पायरीवर येऊन बसल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण कुलूप होतं तिथंच होतं.

ऊन चढलं. पत्रा तापला. अंडी दिलेल्या बायका एकेक करून जमल्या, मीही रस्ता ओलांडून त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

"काकी, मशीनमधल्या ट्रेचं पाणी आटत आलं आसंल," सोपान म्हणाला. "पाणी आटलं की अंड्यातली पातळ कातडी पिल्लाला चिकटती. मग त्याला भायेर येता येत न्हाय. आतल्या आत जातंय."

"मग काढ की सामान. कालच काढायचं हुतंस."

"सामान न्हाय काकी ते."

गर्दीतली रतन तापलेली. तिची अंडी सगळ्यात जास्त. ती घरातून घण घेऊन आली आणि तिनं तो सोपानच्या पायाशी टाकला. "फोड कुलूप. आमी हाय तुज्या बाजूनं."

काकी उठून कुलपापुढं उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, पण घण आधी माझ्या अंगावर घाला म्हणावं अशा. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार.

सोपाननं घण पायानं बाजूला सारला. "फोडायचं न्हाय. गाळा त्यांचा हाय." मग तो शटरपाशी गेला, आपलं कुलूप काढलं आणि किल्ली काकींच्या हातात दिली. "तुमी जावा आत. मी पल्याड उभा ऱ्हातो, आत पाय ठेवत न्हाय. तुमचा मोकळा दिवस मोडायचा न्हाय. फकस्त पिल्लांना पाणी घाला."

एवढं बोलून तो रस्ता ओलांडून माझ्या गिरणीच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

काकींनी ती किल्ली मुठीत धरली. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं. "बापाला हटकलं त्यो काठी घिऊन उभा हुता," त्या म्हणाल्या. "ह्यो किल्ली दिऊन पल्याड जाऊन उभा ऱ्हायलाय."

त्यांनी आपली किल्ली काढली. ती काही कुलपात बसेना. शेवटी मी मनगट धरलं, आणि आम्ही दोघींनी शटर वर केलं.

मग दिवसभर सोपान रस्त्यापलीकडून ओरडत होता आणि काकी आत राबत होत्या. "पाणी कोमट घ्या. खालचं झाकण उघडा. वरचं दार उघडं ठिवू नगा." मधून जाणारा ट्रॅक्टर आला की दोघं गप्प, तो गेला की पुन्हा सुरू. दुपारी युवराजचा फोन आला. "ताबा कुणाकडं हाय आत्ता?"

"पिल्लांकडं," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सूर्य बुडाल्यावर त्या दारात आल्या. घामानं निथळलेल्या, केसाला टरफलं चिकटलेली. "दिवस मावळला," त्यांनी सोपानला हाक दिली. "मोकळा दिवस झाला. ये आत." आणि त्याची किल्ली त्याला परत दिली.

बरीचशी पिल्लं खोक्यात होती, वाळून मऊ फुललेली. पण काही अंडी पिल्लानं आतून चोच टोचलेल्या जागीच थांबली होती. काकींनी ती एका फडक्यावर वेगळी ठेवली होती. सोपान ती बघून म्हणाला, "दरवेळी थोडी जात्यातच काकी."

"दरवेळी माजं कुलूप नसतं."

त्यानंतर ती बाई, जिनं आजवर चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलं नाही, घरोघर गेली. माझ्याकडं आली तेव्हा मी गिरणी झाडत होते. त्या पायरीच्या खालीच थांबल्या.

"तुजी तीन गेली, रेश्मा. कुलूप माजं हुतं."

सकाळपासून मी त्यांच्यासाठी एक झणझणीत वाक्य घोळवून ठेवलं होतं. ते ओठांवर आलं, आणि मी म्हणाले, "बसा काकी, चहा टाकते."

त्या बसल्या नाहीत. अजून दोन घरं राहिली होती, आणि त्यातलं एक रतनचं होतं.