रोपवाटिकेतली बहीण

शेळगावच्या सारजाबाईला कामावरून काढून टाकलं, हे तिला स्वतःला कळायला चार दिवस लागले. यात तिचा बावळटपणा नव्हता. काढणाऱ्यानं काढलंच इतक्या गोडीत, की कुणालाही वाटावं, आपली काळजी घेतली जातेय.

शनिवारी संध्याकाळी हातपाय धुऊन ती निघाली, तेव्हा रोपवाटिकेचे मालक विजयसिंह फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "ताई, लय केलंस गं आमच्यासाठी. आता घरी आराम कर." सारजाबाईची कंबर त्या आठवड्यात धरलेलीच होती. तिला भरून आलं. घरी जाऊन नवऱ्याला, श्रीपतीला म्हणाली, "बगा, सख्खा भाऊ असता तरी एवढं बोलला नसता." रविवार सुट्टीचा. सोमवार-मंगळवार तिनं कंबर शेकत मनापासून आराम केला आणि बुधवारी डबा बांधून कामावर हजर झाली. तिच्या जागेवर ठेकेदारानं आणलेली कुणी परकी बाई बसली होती. मुकादम दुसरीकडेच बघत म्हणाला, "मालकांनी शनिवारी सांगितलं न्हाय का तुमाला?"

सांगितलं होतं की. तिला ते ऐकू आलं होतं, कळलं नव्हतं.

चौदा वर्षं ती तिथं होती. उसाच्या एकेका डोळ्याची कांडी कापायची, ट्रेमध्ये भरायची, रोप वर आलं की वेचून गाडीत चढवायचं, असं ते काम. कांडी हातात घेतली की हा डोळा फुटणार की कुजणार, हे सारजाबाई बघून सांगायची आणि सहसा चुकायची नाही. इंदापूर-बारामतीकडचे शेतकरी रोपं न्यायला आले की विजयसिंह तिलाच पुढं करायचे. "ही आमची ताई. हिनं निवडल्याली रोपं हायती, डोळं झाकून न्या."

हे ताईपण नुसतं तोंडचं नव्हतं. सारजाबाईचं माहेर काटेवाडी. चौघी बहिणी, पाठीवर भाऊ नाही. कामाला लागली त्याच वर्षी राखीपौर्णिमेला तिनं भीत भीत मालकांना राखी बांधली. त्यांनीही हात पुढं केला, साडी दिली. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. पुढं कधीतरी एक नवा कारकून आला. तो हौसेनं सगळ्या बायकांची नावं, आधार नंबर वहीत लिहून घेऊ लागला. सारजाबाईची पाळी आली तेव्हा मालक म्हणाले, "हिचं कशाला लिवतोस? ती घरचीच हाय." सारजाबाईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. नाव गळालं म्हणून खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. बाकीच्या बायका वहीत राहिल्या, ही घरात गेली.

आता ती घरातही नव्हती आणि वहीतही नव्हती.

तिच्या गल्लीत सोमनाथतात्या राहायचे. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेलेली, त्यातली निम्मी युनियनच्या भांडणांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यावरच खेकसले. "कागद न्हाय म्हंजे नोकरी न्हाय, आसं तुला कुनी शिकवलं? वरीसभर सलग राबल्याला मानूस काढायचा तर म्हयनाभर आदी लेखी सांगाया लागतं, न्हायतर त्या म्हयन्याचा पगार द्यायचा. वर भरपाई येगळीच. कागद दिला न्हाय ह्यो त्याचा गुन्हा. तू का मान खाली घालती?"

"भावावर अर्ज करू व्हय तात्या?"

"मग नगं करू. बस शेकत."

आठ दिवस तिनं काढले. तिला पैशापेक्षा वेगळीच गोष्ट खात होती. चौदा वर्षं आपण तिथं नक्की कोण होतो, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी अर्जावर तिनं सही केली. साक्षीला मात्र एकही बाई आली नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच फाटकातून आत जायचं होतं, आणि सारजाबाईनंही कुणाला बोल लावला नाही.

बारामतीच्या कामगार कार्यालयात तारीख लागली. विजयसिंह वेळेवर आले. आल्या आल्या त्यांनी "ताई, कंबर कशी हाय?" असं विचारलं, आणि सवयीनं ती "बरी हाय दादा" म्हणून उठून उभी राहिली. तात्यांनी पदर ओढून तिला खाली बसवलं.

"या माझ्याकडं कामाला नव्हत्याच मॅडम," विजयसिंह अधिकारी बाईंना म्हणाले. "बहीण हाय माझी. मायेनं यायची, हातभार लावायची. मी बी भाऊ म्हणून चार पैसं द्यायचो." आणि त्यांनी मोबाईल पुढं केला. राखीचे फोटो होते, अकरा-बारा वर्षांचे. प्रत्येकात सारजाबाई हसत होती.

मॅडमनी फोटो बघितले. "सारजाबाई, हे खरं आहे? तुम्ही यांना भाऊ मानता?"

तात्यांनी कपाळाला हात लावला. हो म्हणावं तर दावा गेला, नाही म्हणावं तर चौदा राख्या खोट्या. सारजाबाईला खोटं बोलता येत नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "मानते." आणि ती भावाकडं वळली. "पर दादा, माजी सासू गेली तवा मी तीन दिस आले न्हाय. तुमी मातीला आला हुता. घरी बसून माजं डोळं पुसलं. आन् त्याच शनिवारी पगार करताना मुकादमानं तीन दिसाचा खाडा कापला. बहिनीचा खाडा कापत्यात व्हय?"

विजयसिंह चिडले. खरोखरच अन्याय झाल्यासारखे चिडले. "आता त्यात माझं काय चुकलं? खाडा सगळ्याच बायांचा कापतो आमी. कामाचा नियम हाय त्यो. एकीला सोडलं तर बाकीच्या ऐकतील का?"

मॅडमनी मान वर केली नाही. विजयसिंहांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. "बोललात त्याखाली सही करा."

पुढं आणखी दोन तारखा पडल्या, वकील आले, आणि अखेर नोटिशीचा पगार आणि भरपाई द्यायला विजयसिंह कबूल झाले. पण निकाल लागला तो त्या पहिल्याच दिवशी, हे तात्यांनी जोखलं होतं. त्या दिवशी स्टँडकडं चालताना त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता.

"जिंकलीस की गं! त्याच्याच तोंडानं कबूल करून घेतलंस. आता का रडती?"

सारजाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"तात्या, मी उत्तर मिळावं म्हणून इचारलं हुतं," ती म्हणाली. "मला वाटलं, लाजंल."