फॉर्म उघडेना, तांबडी उठेना

आमच्या नगर जिल्ह्यात साहेब व्हायला नोकरी लागत नाही, बारशालाच ते काम उरकून घेतात. माझं नाव आबासाहेब. जन्मल्यापासून साहेब आहे आणि तेवढ्यापुरताच आहे. घर देवळाली प्रवरेला, नोकरी एका दूध संघाच्या जनावर-दवाखान्याच्या कचेरीत. गावोगावच्या दूध केंद्रांवरून आजारी जनावरांच्या तक्रारी येतात. त्या नोंदवायच्या आणि डॉक्टरला धाडायचं, एवढंच काम.

हे काम वीस वर्षं सहादेवकाका करत होते. एक फोन, एक रजिस्टर आणि कानामागे पेन. फोन आला की माणसाचं नाव विचारायच्या आधी विचारायचे, "रवंथ करती का?" त्यांचा नंबर निम्म्या तालुक्याच्या गोठ्यांत भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे. आमच्याही गोठ्यात आहे. मला हे सगळं फार मागासलेलं वाटायचं.

मी पडलो संगणकाचा कोर्स केलेला, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा. एक्सेलमध्ये मी तक्रारीचा झकास फॉर्म बनवला: गाव, मालक, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, लक्षणं. मग डोक्यात आलं की तक्रार जर मेलवर येते, तर मेलमधूनच बटण दाबून हा फॉर्म उघडावा. ते थेट होत नाही. माहेरपणाला मुलगी आणायची तर आधी तिच्या सासरी निरोप द्यावा लागतो, तसं एक्सेलमध्येच एक छोटा मॅक्रो, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, लिहावा लागतो आणि मेलच्या मॅक्रोने त्याला हाक मारायची असते. एवढं कळायला मला सव्वा महिना लागला. कळल्यावर मी कचेरीत दोन दिवस छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी नोटीस लावली: 'सोमवारपासून तक्रार फक्त मेलवर. फोनवरील तक्रार स्वीकारली जाणार नाही.' खाली माझी सही, नोटिशीपेक्षा मोठी.

सोमवारी पावणेअकराला पहिला फोन आला तो माझ्याच बायकोचा, स्नेहलचा.

"अहो, तांबडी सकाळपासून बसलीय, उठंना. कान गार पडल्यात. मान पोटाकडं टाकलीय."

तांबडी आदल्या रात्री व्यालेली. वासरू असताना तिची आई गेली, तेव्हा स्नेहलने तिला बाटलीने दूध पाजून जगवलेलं. व्यालेली गाय अशी गार पडून बसली, तर दोन-चार तासांत हातची जाते, हे मला माहीत होतं. मी काय म्हणालो?

"केंद्रावर जा. मेल टाकायला सांग. आणि बिल्ल्याचा नंबर विसरू नको."

"तुमी तिथंच बसलाय ना?"

"बसलोय. पण नियम सगळ्यांना सारखा. पहिल्याच दिवशी घरच्यांसाठी मोडला तर लोक काय म्हणतील?"

तिने फोन ठेवला. आपण केवढे निःपक्षपाती, या विचाराने मला खरोखर भरून आलं. त्याच वेळी सहादेवकाकांचा फोन वाजला आणि ते तो घेऊन व्हरांड्यात गेले. कामाच्या वेळेत खासगी फोन, हेही मी मनात टिपून ठेवलं.

सव्वाअकराला केंद्रावरून तांबडीच्या तक्रारीचा मेल आला. मी सगळ्यांना बोलावलं, मेलची खिडकी पडदाभर मोठी केली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. संगणक नुसता टणटण वाजला. मेल हलेना, मागे जाईना, पुढे येईना. बंद करून चालू केला, परत तेच. आता मला घाम फुटला. डोळ्यांसमोर पोटाकडे मान टाकलेली गाय, आणि मी माउसवर बोट आपटतोय. डॉक्टरला सरळ फोन करावा, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण सगळे बघत होते.

पाऊण तास असाच गेल्यावर सहादेवकाका वाकून म्हणाले, "साहेब, ती मागं काय कडा दिसतीय?"

फॉर्म होता. दर वेळी पहिल्या दाबालाच उघडून मेलच्या खिडकीमागे उभा राहत होता, आणि तो भरल्याशिवाय मेल हलणार नव्हता. फॉर्म पुढे आणण्याची ओळ मी लिहिलीच नव्हती. चाचणीच्या वेळी खिडकी लहान होती म्हणून तो दिसायचा. आज उद्घाटनासाठी मीच ती मोठी केली होती.

मी फॉर्म भरला. त्याने तो परत केला: 'नंबर अपूर्ण आहे.' केंद्रवाल्याने अकराच आकडे टाकले होते. मी घरी फोन लावला.

"स्नेहल, लवकर तिचा कान बघ, शेवटचा आकडा सांग!"

"कान बघू देत न्हाई आता. उठलीय, कडबा खातीय. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले की."

"कुणी पाठवले?"

"भिंतीवर नंबर हाय ना," ती म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

मी सहादेवकाकांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "तुमचा नियम मोडला म्हणून बोललो न्हाई. वरडला असता."

मला इतकी लाज वाटली की नोटीस फाडतानाही मान वर झाली नाही. संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे रजिस्टर सहीसाठी पुढे केलं. त्या दिवसाची पहिली ओळ अशी होती: 'वेळ १०.५०. तांबडी गाय, व्याल्यावर बसली, कान गार. डॉक्टर रवाना. कळवले : साहेबांच्या घरून. मालक : कचेरीत हजर.'

मी सही केली. या वेळी लहान केली.