पाड्याची मिटिंग

आमच्या भागात कुणाला पुस्तकी मराठी येवो न येवो, ‘मिटिंग’ हा शब्द येतोच. साहेब जागेवर नसले की ते मिटिंगला गेलेले असतात. बचत गटाच्या बायका बसतात ती मिटिंग, लग्नाची बोलणी ती मिटिंग, आणि एकाची गुरं दुसऱ्याच्या भातात शिरली तर त्याचीही मिटिंगच. मी मोखाड्याला शिक्षिका होते. माझी निम्मी नोकरी वर्गात गेली आणि निम्मी मिटिंगमध्ये. आधी सूचना, मग चहा, मग त्याच सूचना पुन्हा. निवृत्त झाले तेव्हा मुलांपासून दूर जाताना रडू आलं, पण मिटिंग सुटल्या म्हणून पेढे वाटावेसे वाटले.

शब्दाचं मूळ शोधायची खोड मात्र सुटली नाही. ‘मिटिंग’ आणि आपलं ‘मिळणं’ ही एकाच घरातली भावंडं असणार, अशी माझी पक्की समजूत होती. डिक्शनरीने ती मोडीत काढली. दोघांचा काडीचा संबंध नाही. मूळ अर्थ साधा आहे, समोरासमोर येणं, गाठ पडणं. त्याच मुळाच्या आणखी एका जुन्या शब्दाचा अर्थ होता गावची सभा. इंग्रजांचे पूर्वज म्हणे उघड्यावर जमायचे, कुठे टेकाडावर, कुठे मोठ्या झाडाखाली, आणि आपले तंटे तिथेच सोडवायचे. मला हसूच आलं. एवढा कडक इस्त्रीचा शब्द, आणि निघाला पाड्यावरचा!

माझ्यावरही पाड्याच्या मिटिंगला जायची वेळ आली ती निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात. दाभोशाकडच्या एका पाड्यावर मी नोकरीची सुरुवातीची वर्षं काढली होती. मला आता तिथेच राहायचं होतं. नाशिकला भाऊ बोलवत होता, त्याच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोलीही तयार होती. पण तिसऱ्या मजल्यावरून पार्किंग बघत म्हातारी व्हायचं, या विचारानेच माझा जीव गुदमरायचा. पाड्यावर एक घर रिकामं होतं. घरवाला बायकोमुलांसह वसईला कामाला गेलेला, माझाच जुना विद्यार्थी. आदिवासींची जमीन विकत घेण्याचा प्रश्न नव्हता, बाहेरच्याला ती मिळतही नाही आणि ते बरंच आहे. मला फक्त राहायला घर हवं होतं. फोनवर तो म्हणाला, “माझा काय नाय बाई, खुशाल ऱ्हावा. पन पाड्याची मिटिंग घ्या. पाडा हो बोलला पायजे.” पाडा नाही म्हणाला तर नाशिक, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी सकाळीच जीपने पोचले, बरोबर खारी आणि बिस्किटं घेऊन. पाड्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाबांच्या पडवीत माणसं आपापल्या सवडीने येऊन बसली. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मी उभी राहून माझं म्हणणं नीट मांडलं. मग एकाने राबातली, म्हणजे लावणीआधी वाफ्यात वाढवलेली, भाताची रोपं अजून आखूड आहेत असा विषय काढला आणि सगळे त्यावर बोलू लागले. खारी संपली. माझं डोकं तापायला लागलं. शेवटी मी विचारलं, “मग काय ठरलं?”

“एक घर येवाचाय, बाई,” बाबा म्हणाले.

ते घर म्हणजे मला हव्या असलेल्या घराच्या शेजारची बाई. ती पहाटेच शेवळांची रानभाजी विकायला जव्हारच्या बाजाराला गेली होती.

“अहो, ती काय नाही म्हणणार आहे का?” मी म्हटलं.

“कोन जाने. तिचा तोंड तिचेकडं.”

एका घरासाठी सगळा पाडा खोळंबला, आणि मी सोडून कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. दुपार कलल्यावर ती रिकामी पाटी घेऊन आली. पाटी भिंतीला लावून टेकली, पाणी प्यायली, आणि माझी सगळी गोष्ट ऐकून सरळ म्हणाली, “नको.”

मोखाड्याला असतं तर हात वर करायला लावले असते आणि तिचा एकटीचा नकार तिथेच बुडाला असता. इथे कुणी तिला समजवायलाही गेलं नाही. सगळे शांतपणे ऐकत होते.

“बाई चांगल्या हायेत,” ती म्हणाली. “पन शेजारी बाई आल्या तं मी भांडू कशी? नवरा पिऊन आला का मी त्याला शिव्या घालतां. बाईंचे समोर शिव्या तोंडातूनच निघायच्या नाहीत. मंग माझा डोकाच फुटंल.”

पडवीत हशा पिकला, पण ती हसत नव्हती. तिला खरंच काळजी पडली होती. मला राग आला होता, तो कुठे गेला कळलंच नाही. मी म्हटलं, “तू खुशाल भांड. मी मधे बोलणार नाही. पण एक सांगते, मलाही भांडायला लागतं. नाशिकला सगळे हळू बोलतात.”

“तुमी कोनाशी भांडनार? तुमाला नवरा नाय.”

“मग तुझ्याशीच.”

ती पाटी उचलून बायकांत सरकून बसली. बाबांनी मान डोलावली, आणि माझ्या घराबद्दल कुणी एक अक्षरही बोललं नाही. ना हो, ना ठराव, ना टाळ्या. मी चपला घालायला उठले, कारण नकार मिळाला की होकार हेच मला उमजेना.

“बसा,” बाबा म्हणाले. “मिटिंग उठली नाय.”

आता आवणीचा विषय निघाला. पाड्यात सगळी घरं मिळून एकेकाच्या शेतात भात लावतात, आणि कुणाच्या शेतापासून सुरुवात करायची ते ठरवायचं होतं. बाबा एकेका घराला विचारत चालले. नदीकडच्या घराने ओढ्याजवळचं शेत आधी घ्या म्हटलं, वरच्या घराने त्याला हरकत घेतली. बाजारातून आलेली ती म्हणाली, माझी रोपं आठवडाभर थांबतील. मग बाबा माझ्याकडे वळले.

“तुमचा घर काय बोलता, बाई?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. जन्मभर मिटिंगमध्ये बोलत आले मी, पण तुमचं घर काय म्हणतं, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. डोळे पुसून मी म्हटलं, “ओढ्याजवळचं आधी घ्या. मी येईन रोपं उपटायला.”

“बरा,” बाबा म्हणाले, आणि पुढच्या घराला विचारू लागले.